कोंबड्याच्या आईचं अंडं

कोंबडा अंडं देत न्हाई, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. पण अंड्याचा रंग निम्मा कोंबड्याकडनं येतो, असं सांगाय गेलं की चांगली शिकल्याली माणसं माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात. आरं बाबा, गुळाच्या रंगाचं अंडं देणारी कोंबडी घे, तिच्यावर पांढऱ्या अंड्यातला नर सोड, आन् मग त्यांच्या पोरी काय घालत्यात ते बघ. ना धड गूळ, ना धड पांढरं. आन् नराकडं बघून तर काडीचं कळत न्हाई. त्याचं अंग दिसतं, तुरा दिसतो, चाल दिसती. रंग कुठला घेऊन आलाय ते त्याच्या आईचं अंडं बघितल्याबिगर कळायचं न्हाई. म्हंजी नर घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या तोंडावर इस्वास ठेवायचा. माझ्यावर एका माणसानं ठेवला व्हता.

मी हरिबा, कवठे येमाईचा. आमी धनगर. बापापर्यंत घरात मेंढरं व्हती, आठ महिने रानोमाळ आन् चार महिने गाव. मी चाळिशीत काठी ठेवली आन् दोन एकराच्या तुकड्यावर बसलो. मेंढरं गेली पण हाताची खोड जाईना. जनावर दिसलं की पाठ चाचपायची, पायाची ठेवण बघायची, जबडा उघडून दात मोजायचं. माझी बायको गिताबाई म्हणायची, कोंबडीला दात न्हाईत म्हणून बरं, न्हाईतर तुम्ही तेबी मोजलं असतं. कोंबड्या तिच्याच. उकिरड्यावर चरायच्या, बाभळीवर झोपायच्या. मी त्यातनं निवडायला लागलो आन् मग तिच्या राहिल्याच न्हाईत.

हौसराव आप्पा मला भेटला शिरूरच्या बाजारात. एका बाईच्या डालीत एक तांबडा नर व्हता, त्यो आमा दोघांनाबी पायजे व्हता. आप्पा मांडवगण फराट्याचा, मराठा गडी, चांगला बारा-चौदा एकर ऊस, सोसायटीवर संचालक. पांढरं धुतल्यालं कापड घालून त्या डालीपुढं उकिडवा बसल्याला. मी म्हणलं, पाहुणं, पाठ वाकडी हाय त्याची. त्यो म्हणला, पाठ तुझी वाकडी, नर सरळ हाय. मग काय, लागली जुंपायला. तासभर आमी त्या कोंबड्याचं एकेक पीस मोजलं, शेवटी त्या बाईनं दोघांनाबी हाकललं आन् नर तिसऱ्यालाच इकला. आमी हसत हसत चहाच्या टपरीवर गेलो. त्या दिवशी मी दोन एसट्या चुकवल्या.

आप्पाच्या डोक्यात एक कोंबडी व्हती, आन् माझ्याबी डोक्यात तीच. दिसायला गावरान, पाय उंच, उन्हापावसाला दाद न देणारी, पण अंगानं भारी. पाठ पाटासारखी. छातीचं हाड लांब आन् सरळ. शेपटाखालच्या दोन हाडांत माझी तीन बोटं आडवी बसली पायजेत, तरच ती घालणारी. आन् सगळ्यांची अंडी एका रंगाची, नव्या गुळाच्या ढेपंसारखी. ठरलं असं की दोघांनी आपापला कळप वेगळा राखायचा, आन् दर माघात एकमेकाला एक नर द्यायचा, म्हंजी रगतात रगत साचत न्हाई.

आमच्यात मेंढा द्यायचा तर त्याची आई दाखवायची, ही जुनी रीत. आई दाखवल्याबिगर मेंढा कुणी देत न्हाई, कुणी घेत न्हाई. मी आप्पाला म्हणलं, कोंबडीला घेऊन कुठं एसटीनं हिंडायचं, आपण आईचं अंडं आणू. नर काखेत, त्याच्या आईचं अंडं हातात. आप्पाला ते इतकं आवडलं की त्यो दरसाल ते अंडं दोन्ही हातांनी घ्यायचा, उन्हात धरून फिरवून बघायचा आन् मगच नराकडं बघायचा. रीत माझी, शिकवली मी. हे ध्यानात ठेवा, कारण मोडलीबी मीच.

आप्पाच्या घरी पिल्लं काढायचं सगळं काम झुंबर वैनीकडं, म्हंजी त्याच्या मालकिणीकडं. आप्पा बोलायला, ती करायला. खुडूक कोंबडी बसवायची तर त्याच्यात एक गोम असती. आपण निवडून अकरा अंडी खाली घालतो, आन् दुसरी एखादी भटकभवानी येऊन त्याच पाटीत आपलं अंडं घालून जाती. मग पिल्लू कुणाचं, काय पत्ता? म्हणून वैनी अकराच्या अकरा अंड्यांवर कोळशानं फुली मारायची. रोज तिन्हीसांजंला कोंबडी उचलायची, बिनफुलीचं दिसलं की काढायची, फुली पुसाट झाली असंल तर परत मारायची. बोटं कायम काळी. मी गेलो की तीच काळी बोटं लुगड्याला पुसत म्हणायची, बसा भावजी, भाकरी टाकते. सहा माघ मी तिच्या हातची भाकरी खाल्ली. दोन्ही कळपांची अंडी तवर अशी जुळली व्हती की टोपल्यात मिसळली तर आमची आमालाबी वळखू यायची न्हाईत.

मग त्यो पुण्याचा मोबाईलवाला पोरगा आला. शेतीचा कसला तरी चॅनल. आप्पाच्या खुराड्यापुढं उभा राहून त्यानं व्हिडिओ केला. माझ्या सुनेनं, स्वप्नालीनं, फोन माझ्यापुढं धरला, मामा बघा तुमच्या कोंबड्या. मी बघितलं. आप्पा इस मिनटं बोलला. पाठ पाटासारखी पायजे म्हणला, तीन बोटं म्हणला, रगत साचू द्यायचं न्हाई म्हणला. सगळं माझं. आन् मधीच एकदा, आमच्याकडं एक धनगर येतो, त्यो नर आणून देतो. बास. एवढंच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सहा वरसं, आन् मी एक धनगर? नाव घ्यायला जीभ झिजत व्हती का? गिताबाई म्हणली, फोन करून इचारा की. न्हाई इचारलं. आता वाटतं, नाव त्यानं घेतलंबी असंल आन् त्या पोरानंच कापलं असंल. पण तवा मला असं काय वाटून घ्यायचंच नव्हतं. राग आला की मला त्यो जपून ठेवायला आवडतो, ही माझी जुनी खोड हाय.

त्या साली माझ्याकडं दोन नर निघालं. एक गुळाच्या अंड्यातला, आजवरचा माझा सगळ्यात देखणा. त्यो आप्पालाच द्यायचा व्हता, मी फोनवर तसं बोललोबी व्हतो. दुसरा अंगानं तसाच, वजनाला तर तोळाभर जास्तच, पण त्याची आई पांढुरकी अंडी घालणारी. ती मी नुसती वजनासाठी ठेवली व्हती, तिचं पिल्लू वाढवायचं न्हाई अशी शपथ घालून. एवढाच एक वाढला, विकायचा म्हणून. माघाचा दिवस आला. मी दुसऱ्याला काखेत मारलं, आन् पहिल्याच्या आईच्या पाटीतनं गुळाच्या रंगाचं अंडं उचललं. गिताबाई दारात उभी व्हती. ती म्हणली, "ते ह्याच्या आईचं न्हवं."

"गप बस," मी म्हणलं आन् निघालो.

आप्पानं अंडं दोन्ही हातांनी घेतलं. उन्हात धरलं. म्हणला, हरिबा, यंदा तू कमाल केलीस. वैनीनं भाकरी वाढली. मी जेवलो. घास घशाखाली उतरला न्हाई असं काय झालं न्हाई, चांगला पोटभर जेवलो. आप्पाची जिरवली म्हणून उलट गोडच लागलं. मला वाटलं व्हतं, वरसभरात दोन-चार फिकी अंडी निघतील, आप्पा डोकं खाजवंल, पुढच्या माघात मी चोख नर देऊन सावरून घेईन. गंमत व्हईल आन् संपंल. पण त्या नराचं अंग बघून आप्पा असा खूश झाला की त्यानं त्या साली सगळी रवण, म्हंजी उबवायची अंडी, त्याच्याच वंशाची बसवली आन् म्हाताऱ्या कोंबड्या काढून टाकल्या. हे मला मागनं कळलं.

दिवाळीनंतर तलंगा, म्हंजी त्या नराच्या तरण्या पोरी, अंड्यावर आल्या. आप्पाचा फोन आला, ये, घात झाला. मी गेलो. टोपलं माझ्यापुढं ठेवलं त्यानं. फिकी, डागाळल्याली, एक धड न्हाई. मी मान हलवली. आप्पानं वैनीकडं बोट केलं. म्हणला, हिनं फुल्या मारल्या न्हाईत. शेजाऱ्याच्या पांढऱ्या कोंबड्या येऊन घालून गेल्या आन् हिनं तीच अंडी उबवली.

वैनी म्हणली, एकबी दिवस चुकला न्हाई. तुळशीपुढं उभी राहून सांगते. आप्पा ऐकंना. मग आमी जेवायला बसलो. वाढता वाढता ती थांबली, हातात भाकरी तशीच, आन् माझ्याकडं बघून सरळ इचारलं.

"भावजी, तुम्हाला ह्यातलं कळतं. नराकडनं असं व्हतं का?"

आता बघा. हीच ती येळ. मला फक्त व्हय म्हणायचं व्हतं. सगळं सांगायचीबी गरज नव्हती, नुसतं, व्हय वैनी, व्हतं कधीमधी, इतकं म्हणलं असतं तरी बाई सुटली असती. आप्पा माझ्याकडं बघत व्हता. सोसायटीचा संचालक, ज्यानं माझं नाव घेतलं न्हाई, त्यो माझ्या शब्दाकडं डोळं लावून बसल्याला. खोटं कशाला बोलू, ते मला बरं वाटलं.

"नर चोख व्हता, वैनी," मी म्हणलं.

तिनं हातातली भाकरी माझ्या ताटात ठेवली आन् आत गेली.

पुढच्या माघात मी त्यो देखणा नर घेऊन गेलो, त्याच्या खऱ्या आईच्या अंड्यासकट. न बोलता फेडून टाकू म्हणलं. आप्पानं हात लावला न्हाई. म्हणला, नर तुझं चोखच असत्यात हरिबा, माझं घर चोख न्हाई. खुराड्याची किल्ली वैनीच्या कमरंवरनं काढून त्यानं एका बिहारी गड्याला दिली व्हती. त्या गड्याला काय ठाऊक तलंग कशी बघायची? वैनी ओसरीवर बसून तांदूळ निवडत व्हती. निवडल्यालं सूप परत निवडत व्हती. बोटं पार स्वच्छ, तीच मला बघवंनात. मी नर तसाच काखेत घेऊन परत आलो. मग लॉकडाऊन लागला, माघ बंद झाला तो झालाच.

अधनंमधनं कानावर यायचं. आप्पानं कोंबड्या मोडल्या. चार माणसांत वैनीला टोमणं मारायचा, हिच्या हातात सोनं दिलं तर हिनं राख केली. लग्नकार्यात सुद्धा. आन् ती बाई आधी भांडायची, मग भांडायची बंद झाली. एकदा त्यांच्या सुनेचा, अनुपमाचा, गिताबाईला फोन आला व्हता. ती सांगत व्हती, सासूबाई दोनदा मीठ घालत्यात, दाराची कडी तीनतीनदा बघत्यात, आन् म्हणत्यात माझ्यावर भरवसा ठेवू नकोस बाई, माझ्या हातनं चुकतं. गिताबाईनं फोन ठेवला आन् माझ्याकडं बघितलं. म्हणली, "चांगली चालती बोलती बाई तुम्ही येडी केलीत." मी उठून रानात गेलो. रानात काय काम नव्हतं.

माझ्याबी कळपाचं काय निराळं झालं न्हाई. नवीन नर आणायचा कुठनं? तसली कोंबडी जगात दोनच घरी व्हती आन् एक घर मीच बुडवलं व्हतं. बापाच्या पोरी, पोरींच्या पोरी, सगळं एकातच. अंडी गुळाच्या रंगाची, बघत राहावी अशी, आन् फोडली तर आत मेल्यालं पिल्लू. निघाली त्यांची बोटं वाकडी. मेंढरात दर दोन वरसाला मेंढा बदलायचा, हे आमच्या पोरासोरालाबी ठाऊक असतं. मलाच जगाला शिकवायचं व्हतं.

गेल्या साली वैनी गेली. लेक सत्यजीत कुरकुंभला कंपनीत हाय, दौंडला राहतो, त्यानं तिला तिथंच दवाखान्यात ठेवली व्हती. मला कळलं तवा सगळं उरकलं व्हतं. दहाव्याला गेलो. शंभर माणूस. आप्पा डोकं भादरून खाली मान घालून बसल्याला. तिथं काय सांगायचं? सांगायचं असतं तर तिथंबी सांगता आलं असतं म्हणा. नमस्कार केला आन् आलो. त्या दिवसापासनं गिताबाई माझ्याशी कामापुरतं बोलायची. चार महिन्यांनी मीच म्हणलं, उद्या दौंडला जातो. तिनं दशमी बांधून दिली, काय इचारलं न्हाई.

आप्पा आता लेकाकडंच असतो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत एक खुर्ची. दुपारची येळ. सत्यजीत ड्युटीवर, अनुपमा आत. मला बघून आप्पा लई हरखला. वाळून गेलता गडी. म्हणला, बस हरिबा, कोंबड्या काय म्हणत्यात तुझ्या? मी उभाच राहिलो. बसलो असतो तर सांगितलं नसतं.

सगळं सांगितलं. व्हिडिओ, दोन नर, दुसऱ्या कोंबडीचं अंडं, आन् जेवणावर वैनीला काय बोललो ते. सांगताना मी त्याच्याकडं बघितलं न्हाई, खाली रस्त्यावर एक फळगाडीवाला व्हता त्याच्याकडं बघत बोललो. मला वाटत व्हतं त्यो उठंल, कानशिलात हाणंल. हाणायला पायजे व्हती. मी त्याच तयारीनं गेलतो. दोन तडाखं खाल्लं असतं, रडलो असतो, आन् हलका व्हऊन घरी आलो असतो. बघा, तिथंबी मी माझाच फायदा बघत व्हतो.

आप्पानं मान वर केली. मग म्हणला, "कोणचा व्हिडिओ?"

मी परत सांगितलं. त्याला आठवंनाच. पार इसरून गेलता त्यो ते.

"शेवटच्या दिवशी तिनं माझा हात धरला," आप्पा म्हणला. सावकाश, एकेक शब्द. "म्हणली, अंड्यांचं माझ्याकडनंच झालं असंल, मला आता आठवत न्हाई, पण झालं असंल. मनात ठेवू नका. आन् मी म्हणलो, जा, माफ केलं तुला."

मी आप्पा म्हणून हाक मारली. त्यानं हात वर केला, गप म्हणून.

"मला वाटलं मी लई मोठेपणा केला, हरिबा. दहाव्याला चार माणसांत सांगितलं मी, की मी तिला माफ करून धाडली म्हणून. ती आपली माझ्याकडं बघत राहिली व्हती. मला वाटलं, समाधान झालं तिचं."

मी त्याच्या पायावर हात ठेवायला वाकलो, त्यानं पाय मागं घेतलं. रागानं न्हाई, कुणी अनोळखी माणूस पाया पडाय लागला की आपण घेतो तसं. तेवढ्यात अनुपमा चहा घेऊन आली. आप्पा तिला म्हणला, ह्याला दे, लांबनं आलाय. आन् भिंतीला धरत धरत आत गेला. आतल्या खोलीत वैनीचा फोटो लावल्याला, ते मी येतानाच बघितलं व्हतं.

मी आप्पाला त्याच्या मालकिणीला नावानं हाक मारताना कवा ऐकलं नव्हतं. ऐकतेस का, न्हाईतर आगं, एवढंच. त्या दिवशी आतनं त्याचा आवाज आला, झुंबर म्हणून. मग त्यो एकच गोष्ट सांगत राहिला. तुझं चुकलं न्हाई. झुंबर, तुझं काय चुकलं न्हाई. अनुपमा दारात उभी राहून कधी त्याच्याकडं बघायची, कधी माझ्याकडं. तिला काय कळंना. मी कप हातात घेऊन उभा व्हतो. जे त्यो त्या फोटोला सांगत व्हता, ते ती जिती असताना सांगायला मला पाच वरसं मिळाली व्हती.